इराक 2003: ‘लढण्याजोगं नव्हतं’ आणि ‘न्याय्य नव्हतं’ हे एकच का?

मध्यरेषा

प्यू रिसर्च सेंटरने 2019 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांना विचारलं, सद्दाम हुसेनकडे संहारक शस्त्रं असल्याचं सांगून 2003 मध्ये अमेरिकेने पुकारलेलं इराकचं युद्ध लढण्याजोगं होतं का? 64 टक्के ‘नाही’ म्हणाले, 33 टक्के ‘हो’. अफगाणिस्तानच्या बाबतीत ‘नाही’ म्हणणारे 58 टक्के. सर्वसामान्य जनतेत इराकला ‘नाही’ म्हणणारे 62 टक्के, म्हणजे गणवेश घातलेले आणि न घातलेले यांच्या मतात फरक जवळपास नाहीच. त्याच संस्थेच्या 2011 च्या पाहणीत मात्र इराक लढण्याजोगं होतं म्हणणारे माजी सैनिक 44 टक्के होते.

यावरून वाद निघाला की दोनच वाक्यं कानावर येतात: ‘शेवट वाईट झाला, म्हणजे युद्धच चुकीचं’ आणि ‘सद्दाम क्रूर होता, म्हणजे युद्ध बरोबर’. मला दोन्ही तोकडी वाटतात. इथे सैन्यातून निवृत्त झालेले, युद्धकायद्याचा अभ्यास असलेले सभासद आहेत म्हणून विचारतो. युद्ध न्याय्य होतं की नाही हे कशावरून ठरवायचं? निर्णयाच्या दिवशी हाती काय होतं? आणि जो प्रत्यक्ष लढला त्याच्या मताला या प्रश्नात किती वजन द्यायचं? शेरेबाजी नको, तपशील हवेत.

दिशाकोन

आधी आकड्यांतली गल्लत. 2011 चे 44 टक्के हे 9/11 नंतर सेवेत असलेल्या माजी सैनिकांचे आहेत. 2019 चे 33 टक्के सगळ्या पिढ्यांच्या माजी सैनिकांचे, त्यात व्हिएतनामवालेही आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आठ वर्षांत मत फिरलं’ असं म्हणता येत नाही. 2019 च्या पाहणीत खरं लक्ष द्यावं असं वेगळंच आहे: हुद्दा, लढाईचा अनुभव, इराक-अफगाणिस्तानातली तैनाती, यांपैकी कशानेही मतात फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो पक्षाने.

आता तुमच्या शीर्षकातला प्रश्न. ‘लढण्याजोगं होतं का’ हा हिशेब आहे, काय गेलं आणि काय मिळालं याचा. ‘न्याय्य होतं का’ हा निर्णयाचा प्रश्न आहे, आणि निर्णय ज्या दिवशी झाला त्या दिवशीच्या माहितीवरच तो तोलायला हवा. पश्चातबुद्धी इथे चालत नाही, ना विरोधकांची ना समर्थकांची. परंपरेने कसोट्या सहा धरतात. कारण न्याय्य हवं, हुकूम देणाऱ्याला तसा अधिकार हवा, हेतू स्वच्छ हवा, बाकीचे मार्ग संपलेले हवेत, होणारी हानी उद्दिष्टाच्या प्रमाणात हवी आणि यशाची वाजवी शक्यता हवी. यांत सरासरी काढत नाहीत. एका कसोटीत नापास म्हणजे नापास.

कारणापुरतं बोलतो, कारण तिथला पुरावा मोजता येण्यासारखा आहे. अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा सर्वांत ठोस पुरावा म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या दाखवल्या गेल्या. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्या मांडल्या. नळी 7075-टी6 या मिश्रधातूची, बाहेरचा व्यास 81 मिलिमीटर, लांबी 900 मिलिमीटर, भिंतीची जाडी 3.3 मिलिमीटर. इराककडे आधीपासून 81 मिलिमीटरचं रॉकेट होतं, इटालियन रॉकेटवरून उतरवलेलं, आणि ही मापं त्याच्या नळीशी तंतोतंत जुळत होती. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राच्या रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या नळीला, भिंत पातळ लागते, ही तिपटीहून जाड होती. वरून नळीवर ॲनोडायझिंगचा थर होता. उघड्यावर ठेवलेल्या रॉकेटला गंज लागू नये म्हणून तो उपयोगी, पण सेंट्रिफ्यूजसाठी तोच खरवडून काढावा लागला असता. ‘मग इतकी काटेकोर मापं कशाला मागितली?’ असा सवाल तेव्हा केला गेला. त्याचंही साधं उत्तर होतं: रॉकेटं भरकटत होती, आणि आराखडा न बदलता मारा सुधारायचा तर नळ्यांची मापंच आवळावी लागतात.

हे सगळं नंतर कळलेलं नाही. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या सेंट्रिफ्यूज तज्ज्ञांनी आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने ऑक्टोबर 2002 च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता अहवालात असहमती लेखी नोंदवली होती. नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट असल्याचं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल बारादेई यांनी 7 मार्च 2003 रोजी, युद्धाच्या दोन आठवडे आधी, परिषदेला सांगितलं. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-तपासनीसांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले की उरलेल्या कामाला वर्षं नव्हे, आठवडेही नव्हे, महिने लागतील. इराकची अल समूद-2 क्षेपणास्त्रं 150 किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे जात होती म्हणून तपासनीसांच्या देखरेखीखाली मोडली जात होती, सत्तरच्या आसपास मोडून झालीही होती. काम चालू असताना तपासनीसांना 18 मार्चला बाहेर पडावं लागलं.

त्यामुळे ‘बाकीचे मार्ग संपले होते’ ही कसोटी तिथेच ढासळते. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने 2016 मध्ये हेच लिहिलं: त्या क्षणी लष्करी कारवाई हा अखेरचा उपाय नव्हता.

एक फरक लक्षात ठेवा. समोरच्याने हात उगारला असताना आधी वार करणं वेगळं आणि तो कधीतरी उगारेल म्हणून आज वार करणं वेगळं. पहिल्याला 1837 च्या कॅरोलाइन प्रकरणापासून (ब्रिटिशांनी अमेरिकी हद्दीत घुसून जाळलेलं जहाज) मान्यता आहे, पण अट कडक: धोका तत्काळ हवा, दुसरा उपाय नसावा, विचाराला उसंत नसावी. इराक दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि त्या प्रकाराला कायद्यात जागा नाही.

वाळवंटी_वाट

दिशाकोन, नळ्यांबद्दल मान्य. पण चित्र अर्धंच आलं.

मार्च 1988 मध्ये इराकमधल्याच हलब्जात सद्दामच्या सैन्याने सोडलेल्या विषारी वायूने हजारो कुर्द मारले गेले. ते कल्पनेतलं शस्त्र नव्हतं. 1990 मध्ये कुवेत गिळलं. सुरक्षा परिषदेच्या 1991 च्या 687 क्रमांकाच्या ठरावात संहारक शस्त्रं सोडून देणं ही शस्त्रसंधीची अट म्हणूनच घातलेली होती, आणि बारा वर्षांत ती पुन्हा पुन्हा मोडली गेली. डिसेंबर 1998 पासून जवळपास चार वर्षं आत एकही तपासनीस नव्हता. उड्डाणबंदीच्या पट्ट्यात इराकी तोफा अमेरिकी-ब्रिटिश विमानांवर गोळीबार करत होत्या. 2002 च्या नोव्हेंबरात 1441 क्रमांकाचा ठराव 15 विरुद्ध 0 ने मंजूर झाला, सीरियासकट.

युद्धानंतर शस्त्रं शोधणाऱ्या पथकाचे प्रमुख चार्ल्स ड्यूल्फर यांच्या 2004 च्या अहवालात संहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत हे खरं. पण त्याच अहवालात हेही आहे की इराणला धाक राहावा म्हणून सद्दामने संदिग्धता मुद्दाम ठेवली, आणि निर्बंध उठले की कार्यक्रम पुन्हा उभा करायचा त्याचा इरादा होता. ज्याने स्वतःच ‘माझ्याकडे असेल’ असा भास जपला, त्याच्याबद्दल इतरांचा अंदाज चुकला, तर ती चूक आहे. तिला लबाडी म्हणायला जास्त पुरावा लागतो.

आणि तपासनीस आत परत आले ते सीमेवर सैन्य जमा झालं म्हणून. ते सैन्य कुवेतच्या वाळवंटात अनिश्चित काळ बसवून ठेवता येत नव्हतं. उन्हाळा तोंडावर होता, रासायनिक संरक्षणाच्या पोशाखात पन्नास अंशाच्या उष्णतेत माणूस फार वेळ टिकत नाही. ‘आणखी काही महिने’ म्हणणाऱ्याने या अडचणीचंही उत्तर द्यायला हवं होतं.

दिशाकोन

उन्हाळ्याची अडचण खरी आहे, पण ती सैन्याच्या वेळापत्रकाची अडचण झाली. वेळापत्रक हे युद्धाचं कारण होऊ शकत नाही. आणि 1441 चा मजकूर शब्दशः पाहा. 1990 च्या 678 व्या ठरावात ‘सर्व आवश्यक साधनं’ वापरायची मुभा होती. 1441 मध्ये ‘अखेरची संधी’ आणि ‘गंभीर परिणाम’ एवढंच आहे. त्या वाक्याची कमतरता जाणवली म्हणूनच दुसऱ्या ठरावाचा मसुदा आणला गेला, आणि मतं जमत नाहीत असं दिसल्यावर 17 मार्चला गुंडाळला. हलब्जा घडलं तेव्हा मध्ये पडणं न्याय्य ठरलं असतं. पंधरा वर्षांनी तेच कारण पुढे करताना, त्या घडीला कोणता संहार थांबवायचा आहे हे दाखवावं लागतं.

रसदमार्ग

वर चर्चा ‘कारण’ आणि ‘अधिकार’ यांवर अडकली आहे. मूळ प्रश्न माजी सैनिकांच्या मताचा होता. त्यांचं मत सर्वांत वजनदार कुठे ठरतं? सहाव्या कसोटीत, यशाच्या वाजवी शक्यतेत. तिथे अंदाज करायला गुप्तहेर लागत नाहीत. माणसं, गाड्या आणि कोठारं मोजता आली की पुरे.

हिशेब सरळ आहे. बंदोबस्ताचं काम असलेल्या मोहिमेत दर हजार रहिवाशांमागे किमान 20 जवान हा ठोकताळा 1990 च्या दशकापासून अभ्यासात होता, पुढे डिसेंबर 2006 च्या अमेरिकी लष्करी नियमपुस्तिकेतही तो छापला गेला. इराकची लोकसंख्या तेव्हा सुमारे अडीच कोटी. म्हणजे 5 लाख माणूस. 1999 मध्ये मध्यपूर्वेतल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल अँथनी झिनी यांच्या काळात झालेल्या ‘डेझर्ट क्रॉसिंग’ या युद्धसरावात 4 लाख सैन्य गृहीत धरलं होतं, आणि तेवढं असूनही गोंधळ होऊ शकतो असा निष्कर्ष निघाला होता. 25 फेब्रुवारी 2003 रोजी लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला ‘काही लाख’ असं सांगितलं. दोनच दिवसांनी संरक्षण खात्यातल्या वरिष्ठांनी हा अंदाज जाहीरपणे खोडून काढला. आत गेलं ते दीड लाखाच्या आसपास. बगदाद घ्यायला तेवढं पुरलं, तीन आठवड्यांत 9 एप्रिलला शहर पडलं. सांभाळायला पुरलं नाही.

माणूस कमी पडला की पहिली उघडी पडतात ती दारूगोळ्याची कोठारं. एक कोठार धरायचं तर कुंपणाची लांबी, पहाऱ्याच्या पाळ्या, राखीव तुकडी, पाण्याचा टँकर, सगळं धरून जवानांची एक कंपनी सहज जाते. इराकमध्ये असे साठे देशभर विखुरलेले होते. बगदादच्या दक्षिणेला अल काकाच्या कोठारातलं सुमारे 340 टन उच्च क्षमतेचं स्फोटक नाहीसं झालं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला त्याची आधीपासून माहिती होती, काही भागावर तिची मोहोरही होती. इतर ठिकाणचे तोफगोळे लोक ट्रकने भरून नेत होते. 155 मिलिमीटरचा एक गोळा सुमारे 43 किलोचा, आत साडेसहा किलोच्या आसपास स्फोटक. पुढची कित्येक वर्षं रस्त्याकडेला जे फुटलं, त्यातलं बरंच इथलं.

दुसरी पायरी 23 मे 2003 ची. इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या आदेशाने इराकी सैन्य बरखास्त झालं. साडेतीन-चार लाख शस्त्रं चालवता येणारे पुरुष एका सहीने बिनपगारी. आठवडाभर आधीच्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरच्या फळीतले लोक सरकारी नोकरीतून काढलेले होतेच, त्यात शाळेचे मुख्याध्यापक आणि जलपुरवठ्याचे अभियंतेही गेले. भत्ता देण्याची घोषणा झाली ती महिनाभराने, निदर्शनांत माणसं मेल्यावर. ज्यांना कोठारांचे रस्ते पाठ होते त्यांनाच घरी बसवलं. 2014 मध्ये मोसुल घेणाऱ्या आयसिसमध्ये यांतले काही जुने अधिकारी होते.

तिसरी गोष्ट गाडीची. हमवी ही जीपच्या जागी आलेली गाडी, पिछाडीला धावायची. दरवाजे कापडी किंवा पातळ पत्र्याचे, बूड सपाट. सपाट बुडाखाली स्फोट झाला की सगळा दाब वर येतो, बाजूला निसटायला वाट नसते. सैनिकांनी भंगारातले पत्रे वेल्ड करून लावले. त्याने गोळी काही प्रमाणात अडते, खालून येणारा स्फोट नाही. नंतर कारखान्यातलं चिलखत आलं, पण टनभराहून अधिक वजन वाढल्याने सस्पेन्शन बसू लागलं, गिअरबॉक्स तापू लागला आणि वळणावर गाडी उलटू लागली. वजनदार दरवाजा आतून उघडता येत नाही, हे गाडी कालव्यात पडल्यावर कळतं. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या बुडाची गाडी, जिच्यात दाब दोन्ही बाजूंना वाटून जातो आणि बूड जमिनीपासून उंच असतं, ती दक्षिण आफ्रिकेत 1970 च्या दशकापासून वापरात होती. ती मोठ्या संख्येने घ्यायला प्राधान्य मिळालं ते रॉबर्ट गेट्स संरक्षणमंत्री असताना, मे 2007 मध्ये. युद्धाला चार वर्षं झाल्यावर.

आता हे ‘नियोजनातल्या त्रुटी’ या रकान्यात टाकून सोडता येतं. मला ते पटत नाही. यशाची शक्यता ही न्यायाचीच कसोटी आहे. लष्करप्रमुख उघडपणे सांगतो की एवढ्या माणसांत देश सांभाळता येणार नाही, आणि तरीही तेवढ्याच माणसांत आत शिरायचं ठरतं, तेव्हा तो निर्णय त्याच दिवशी सदोष असतो. 2006 च्या मार्च-एप्रिलमध्ये निवृत्त जनरल एकामागून एक पुढे येऊन संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा मागू लागले. इराकमध्ये डिव्हिजन सांभाळलेले जॉन बतिस्त आणि नवं इराकी सैन्य घडवायचं काम पाहिलेले पॉल ईटन त्यांत होते. ग्रेगरी न्यूबोल्ड यांचा आक्षेप आणखी मागे जाणारा होता: युद्धच अनावश्यक होतं आणि आपण सेवेत असताना पुरेसं बोललो नाही. हा फरक या चर्चेत महत्त्वाचा आहे. बरेचजण ‘कसं लढलो’ यावर बोलले, न्यूबोल्ड ‘का लढलो’ यावर.

वाळवंटी_वाट

त्याला दुसरी बाजू आहे. 2007 मध्ये सुमारे 30 हजार जास्तीचं सैन्य गेलं, सुन्नी टोळ्या अल कायदावर उलटल्या आणि 2008 पर्यंत हिंसा खूप खाली आली. मग यश अशक्य होतं असं कसं म्हणायचं? त्याच युद्धातून परतलेल्यांनी 2004 मध्ये युद्धविरोधी संघटना काढली आणि 2006 मध्ये दुसऱ्यांनी मोहिमेच्या बाजूची. अनुभव एक, निष्कर्ष दोन.

रसदमार्ग

अशक्य होतं असं मी म्हटलं नाही. ज्या साधनांनी उतरले त्यांनी वाजवी शक्यता नव्हती, एवढंच. 2007 ने तर तेच सिद्ध केलं: माणसं वाढवली, स्थानिकांना पगार दिला, वस्तीत चौक्या टाकल्या, तेव्हा कुठे फरक पडला. तोवर ते सांगणारा प्रमुख निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

मध्यरेषा

हे फार उपयोगी. एक उरतं. कारण अन्याय्य असेल तर खालच्या जवानाचं काय? त्याने केलेलं सगळं अन्याय्य ठरतं का?

दुसरा_पहारा

नाही. युद्धात उतरण्याचा न्याय आणि युद्धातल्या वागणुकीचा न्याय यांची खाती वेगळी ठेवतात. पहिल्याचा जाब राज्यकर्त्यांना, दुसऱ्याचा प्रत्येकाला, हवालदारापासून जनरलपर्यंत. अबू गरीबच्या तुरुंगातले फोटो बाहेर आले ते एका सैनिकानेच सीडी तपास विभागाच्या हाती दिल्यामुळे. युद्ध कोणाच्या हुकमाने सुरू झालं याच्याशी त्या कृतीचा संबंध नाही, ती त्या युद्धातही बरोबरच होती.

पण ही खाती जमिनीवर एकमेकांत मिसळतात, आणि त्याची जागा म्हणजे रस्त्यावरचा नाका. गाडी अडवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या: ओरडून थांबव, शस्त्र दाखव, अडथळ्याने रोख, इशाऱ्याची गोळी झाड, मग गाडीवर. आता वेळ मोजा. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. 100 मीटरवर दिसली तर या पाचही पायऱ्यांना मिळून साडेचार सेकंद. चालकाच्या काचा वर, डोळ्यांवर दिव्याचा झोत. काटेरी तारेचं वेटोळं अंधारात दिसत नाही. ‘थांबा’ची पाटी अरबीत नसेल, किंवा नाक्यालाच खेटून लावलेली असेल, तर ती नसल्यात जमा. हाताचा इशारा समोरच्याला कळेलच असं नाही. आणि इशाऱ्याची गोळी ऐकून घाबरलेला माणूस कित्येकदा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो, कारण गोळीबार कुठून होतोय हे त्याला कळत नाही. जवानाला मात्र ती गाडी बॉम्ब घेऊन येतेय असंच दिसतं. मार्च 2005 मध्ये बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर इटलीचे गुप्तवार्ता अधिकारी निकोला कालिपारी असेच मारले गेले, मित्रराष्ट्राचा माणूस असून.

उपाय होते, आणि ते लागू झाले तिथे फरक पडला. पहिली खूण नाक्यापासून बरीच लांब, गाडीला नागमोडी वळायला लावणारे अडथळे म्हणजे वेग आधीच उतरतो, पाट्या अरबीत, उजेड पाटीवर, आणि पुढे डोळे दिपवणारा हिरवा लेझर. 2006 मध्ये इराकमधले अमेरिकी सेनाधिकारी जनरल पीटर चिआरेली यांनी अशा घटनांत मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की चौकशी सक्तीची केली. पण अडथळे, दिवे, दुभाषे, जास्तीची माणसं हे सगळं रसदमार्ग यांनी सांगितलेल्या त्याच तुटपुंज्या साठ्यातून यायचं होतं. नियमाने वागूनही निरपराध कुटुंब मारलं गेल्याचं ओझं घेऊन परतलेल्यांसाठी मानसोपचारात ‘नैतिक जखम’ असा वेगळा शब्द आहे. ती भीतीच्या आजाराहून निराळी धरतात: तिथे माणसाला स्वतःचा जीव जाईल याची धास्ती नसते, आपण काय केलं हे सोडत नाही. युद्धाचं कारण खोटं निघालं की ती खोल जाते, कारण ‘निदान कशासाठी तरी’ हा आधारही जातो. पाहणीतल्या त्या 64 टक्क्यांत हेही आहे, असं मला वाटतं.

दिशाकोन

मध्यरेषा, जवानाला नकार देता येतो का हे तुमच्या प्रश्नातच दडलं आहे, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. उघड बेकायदा हुकूम, म्हणजे कैद्याला मार, गाव जाळ, नाकारणं कर्तव्य आहे. संपूर्ण युद्धच बेकायदा आहे म्हणून तैनाती नाकारणं वेगळं. आक्रमणाचा गुन्हा राष्ट्राचं धोरण ठरवणाऱ्यांवरच लागतो, शिपायावर नाही, आणि म्हणून शिपायाला तो बचावही मिळत नाही.

वर बसलेल्यांना मात्र विचारायची संधी असते. ब्रिटनचे संरक्षणदलप्रमुख ॲडमिरल मायकल बॉइस यांनी कारवाई कायदेशीर आहे असं निःसंदिग्ध उत्तर मागितलं आणि ते मिळाल्याशिवाय सैन्य हलवायला तयार झाले नाहीत. उत्तर मिळालं ते ब्रिटनच्या महाधिवक्त्यांच्या 7 मार्चच्या सविस्तर, साशंक सल्ल्याहून बरंच थोडक्यात आणि ठाम. भारताकडे डिव्हिजन, सुमारे 17 हजार माणूस, मागितली गेली तेव्हा दिल्लीनेही हुकूम कोणाचा चालणार, क्षेत्र कोणतं, मुदत किती हे आधी विचारलं, आणि 14 जुलै 2003 ला संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवायला नकार दिला.

खालच्या हुद्द्यावर ज्यांनी विचारलं त्यांची उदाहरणं दोन. ब्रिटिश हवाईदलातल्या एका डॉक्टरने बसऱ्याला जायला नकार दिला, एप्रिल 2006 मध्ये आठ महिने कैद झाली. न्यायाधीशांनी सांगितलं की तो हुकूम 2005 चा आहे, आणि तोपर्यंत परदेशी सैन्याच्या उपस्थितीला सुरक्षा परिषदेचे ठराव होते. मार्च 2003 बद्दल बोलायची गरजच उरली नाही. अमेरिकेत लेफ्टनंट एरेन वताडा यांनी जून 2006 मध्ये तैनाती नाकारली. युद्ध कायदेशीर होतं की नाही हे लष्करी न्यायालयाने ठरवायचं नाही, असं सांगून न्यायाधीशांनी तो मुद्दाच बाहेर ठेवला. फेब्रुवारी 2007 मध्ये खटला मध्येच रद्द झाला, एकाच आरोपासाठी दोनदा खटला नको म्हणून दुसरा अडवला गेला, आणि 2009 मध्ये त्यांना सेवेतून मुक्त केलं गेलं.